चौथे शील आणि निळा सदरा



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, पंचशील ग्रहण झाले आणि मंडळी उठायच्या बेतात असताना एक तरुण गृहस्थ उभा राहिला. त्याच्या कुटुंबाने नुकतीच दीक्षा घेतली आहे. तो म्हणाला, "गुरुजी, दारू प्यायची नाही, चोरी करायची नाही, हे मला समजते. पण खोटे बोलायचे नाही हे चौथे शील गरिबाने पाळायचे कसे? मालक कागद पुढे करतो आणि म्हणतो, सही कर. त्यावर लिहिलेले खोटे आहे हे त्यालाही ठाऊक असते आणि मलाही. सही केली नाही तर उद्यापासून काम नाही. मग मी शील पाळू की पोरांचे पोट?"

प्रश्न खरा होता. असा प्रश्न विचारणारा माणूस शील मोडायला निघालेला नसतो, शील त्याला टोचू लागलेले असते. त्या दिवशी मी त्याला एका माणसाची हकीकत सांगायला घेतली, पण वेळ अपुरा पडला. ती हकीकत आज पुरी सांगतो.

हा माणूस ब्रह्मदेशातला. त्याचे नाव विन टिन. तिकडे वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी आदराने 'ऊ' लावतात, जसे आपण काका म्हणतो किंवा नावापुढे राव लावतो. म्हणून ऊ विन टिन. ते लेखक होते, पत्रकार होते. खरे लिहिले, खरे बोलले आणि माणसाच्या हक्कांची बाजू सोडली नाही, म्हणून त्यांनी आयुष्याची एकोणीस वर्षे तुरुंगात काढली.

ब्रह्मदेशाचे आणि आपले नाते

ब्रह्मदेश आपल्याला परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांना ज्यांनी त्रिशरण पंचशील दिले ते भदन्त चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकान भागातले. ते कुशीनगरला राहात आणि बाबासाहेबांच्या निमंत्रणावरून नागपूरला आले. त्याआधी डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब स्वतः रंगूनला गेले होते. दीक्षेचा पहिला शब्द ज्या मुखातून आला ते मुख त्या देशातले होते, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी.

पण दुसरी गोष्टही ठाऊक असावी. हा देश शेकडो वर्षे बौद्ध आहे. गावोगावी विहार आहेत, स्तूप आहेत. मुलगा थोडा मोठा झाला की काही दिवसांसाठी का होईना चीवर घालतो. आणि अशाच देशात २ मार्च १९६२ रोजी सेनापती ने विन यांनी सत्ता बळकावली. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या तिथे लष्कराचा अंमल राहिला. तुरुंगात टाकणारे जन्माने बौद्ध होते आणि तुरुंगात गेलेलेही बहुतेक जन्माने बौद्ध होते. तेव्हा बौद्ध घरात जन्मणे आणि बौद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण नवदीक्षित आहोत म्हणून कुणाला कमीपणा वाटत असेल तर तो वाटू देऊ नये. धम्म जुन्या घराण्याकडे बघत नाही, आचरणाकडे बघतो.

वर्तमानपत्र बंद पडले

ऊ विन टिन तरुणपणापासून वर्तमानपत्रांत काम करीत होते. पुढे ते मंडालेच्या 'हन्तावडी' या दैनिकाचे संपादक झाले. या नावाचे मूळ पाली आहे. पेगू शहराचे जुने नाव हंसावती, त्याचे तिकडच्या बोलीत हन्तावडी झाले. लोक त्यांना त्या पत्राच्याच नावाने ओळखू लागले.

ते एक वाचक मंडळही चालवीत. दर शनिवारी माणसे जमत, निबंध वाचले जात, चर्चा होई. अशाच एका बैठकीत सरकारी धोरणावर टीका करणारा निबंध वाचला गेला. १९७८ मध्ये 'हन्तावडी' बंद करण्यात आले आणि विन टिन यांची नोकरी गेली. वर्तमानपत्राची किंमत आपल्या समाजाला कुणी सांगायला नको. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०), 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही पत्रे बाबासाहेबांनी कोणत्या हालात काढली हे आपण जाणतो. ज्याच्या हातून पत्र काढून घेतले जाते त्याची जीभच कापली जाते.

१९८८ साली ब्रह्मदेशातली जनता रस्त्यावर आली. विद्यार्थी, कामगार, भिक्खू, सारे आले. लष्कराने गोळीबार केला, हजारो माणसे मारली गेली. १८ सप्टेंबरला लष्कराच्या नव्या मंडळाने सत्ता हाती घेतली. त्यानंतर नऊच दिवसांनी, २७ सप्टेंबर १९८८ रोजी, आँग सान सू ची आणि इतरांच्या बरोबरीने विन टिन यांनी लोकशाहीसाठी नवा पक्ष उभा केला. ते त्याचे चिटणीस होते. ४ जुलै १९८९ रोजी त्यांना पकडले. पुढच्या वर्षी, २७ मे १९९० रोजी निवडणूक झाली आणि लढवल्या गेलेल्या ४८५ जागांपैकी ३९२ जागा या पक्षाने जिंकल्या. लोकांनी कौल दिला, पण लष्कराने सत्ता सोडली नाही. निवडून आलेल्या पक्षाचा चिटणीस इन्सेनच्या तुरुंगातच राहिला.

विटेची शाई

आधी तीन वर्षांची शिक्षा झाली. मग ती वाढवली, पुन्हा वाढवली, अशी एकूण वीस वर्षांची झाली. १९९६ मध्ये शिक्षा वाढवली त्याचे कारण नीट ऐका. तुरुंगात कैद्यांचे कसे हाल होतात याचा वृत्तांत आतल्या कैद्यांनी चोरून तयार केला आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधीपर्यंत पोचविण्याचा प्रयत्न केला. विन टिन त्यांत होते. या 'गुन्ह्या'साठी आणखी सात वर्षे! काही काळ त्यांना लष्करी कुत्र्यांच्या कोठडीत ठेवले. खाली अंथरूण नाही, उघडा सिमेंटचा गिलावा. मारहाणीत दात पडले आणि कवळी वर्षानुवर्षे मिळू दिली नाही. हृदयविकाराचे झटके आले, रक्तदाब वाढला.

कागद नाही, लेखणी नाही. तेव्हा हा म्हातारा विटेची भुकटी करी, ती पाण्यात कालवी आणि कोठडीच्या भिंतीवर कविता लिही. मन गंजू नये म्हणून गणिते सोडवी.

माय-बहिणींनो, हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. पुढची गोष्ट सांगता यावी म्हणून सांगतो. या सगळ्या वर्षांत त्यांच्यापुढे एक कागद पुन्हा पुन्हा ठेवला गेला. 'मी यापुढे राजकारण करणार नाही,' एवढे लिहून द्यायचे, खाली सही करायची आणि घरी जायचे. ना दंड, ना जामीन. एक सही. विन टिन यांनी ती केली नाही.

कारण त्या सहीचा अर्थ होता, आजवर मी केले ते चूक होते. आणि ते चूक नव्हते. चौथे शील ते हेच. तोंडाने खोटे बोलणे वेगळे आणि हाताने खोट्याखाली आपले नाव लिहिणे वेगळे, असे धम्मात नाही.

पुण्ण भिक्खूची गोष्ट

त्रिपिटकात पुण्ण नावाच्या भिक्खूची कथा आहे. पुण्ण सुनापरान्त देशाचा. हा देश म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरचे सोपारा आणि आसपासचा मुलूख, असे आपल्याकडचे बरेच अभ्यासक मानतात. ब्रह्मदेशातले लोक म्हणतात, सुनापरान्त आमच्याकडे. दोन्ही देश पुण्णाला आपला म्हणतात, यात भांडण्यासारखे काही नाही.

पुण्णाने तथागतांना सांगितले, मी सुनापरान्तात जाऊन राहणार. तथागतांनी विचारले, तिथली माणसे फार तिखट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाला, हात उगारला नाही, एवढे बरे म्हणेन. हाताने मारले तर? ढेकळांनी नाही मारले, बरे म्हणेन. ढेकळांनी मारले तर? काठीने मारले तर? शस्त्राने मारले तर? प्रत्येक वेळी पुण्णाचे उत्तर त्याच पठडीतले. शेवटी तथागत म्हणाले, एवढा संयम तुझ्यापाशी आहे तर जा. पुण्ण गेला आणि त्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका त्याने धम्मात आणल्या.

ही कथा आपल्या लोकांनी जपून ऐकावी, कारण तिचा उलटा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतील. 'बघा, तुमचा धम्मच सांगतो, मार खा आणि गप्प बसा.' नाही! मार खाऊन गप्प बसणे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या केले. त्याला धम्म नव्हे, गुलामी म्हणतात. पुण्ण गप्प बसायला गेला नव्हता, बोलायला गेला होता. मार पडेल म्हणून बोलणे थांबणार नाही आणि मार पडला म्हणून मनात विष साठणार नाही, ही त्याची क्षांती होती. बोलणे सोडून दिले तर ती क्षांती राहात नाही, भीती होते.

विन टिन यांच्या एकोणीस वर्षांकडे या कथेतून पाहावे. त्यांनी कुणावर हात उगारला नाही आणि तुरुंगात असतानाही बोलणे थांबवले नाही.

निळा सदरा

२३ सप्टेंबर २००८ रोजी नऊ हजारांहून अधिक कैद्यांबरोबर त्यांना सोडण्यात आले. बाहेर येताना ते कैद्याच्या निळ्या सदऱ्यातच आले. साधे कपडे त्यांनी नाकारले. तुरुंगात अजून माणसे आहेत, ती सुटेपर्यंत मी हा रंग उतरवणार नाही, असा त्यांचा निश्चय होता. २१ एप्रिल २०१४ रोजी रंगूनच्या इस्पितळात त्यांनी देह ठेवला, तोपर्यंत ते निळा सदराच घालीत होते. अंत्ययात्रेलाही अनेक जण निळे सदरे घालून आले.

त्या निळ्याचा आणि आपल्या झेंड्याच्या निळ्याचा संबंध नाही, तो ओढून-ताणून जोडू नये. पण त्या सदऱ्यात एक शिकवण आहे. सुटलेल्या माणसाला विसरणे फार सोपे असते. आपल्यातला एक जण शिकतो, नोकरीला लागतो, शहरात फ्लॅट घेतो आणि वस्तीत उरलेल्यांची त्याला लाज वाटू लागते. विन टिन सुटले ते आत राहिलेल्यांना अंगावर घेऊन सुटले. पुढे २०१२ मध्ये त्यांनी राजकीय कैद्यांच्या मदतीसाठी संस्था काढली. स्वतः मात्र एका स्नेह्याच्या आवारातल्या लहानशा घरात राहात. करुणा म्हणजे डोळ्यांत पाणी आणणे नव्हे, मागे राहिलेल्याचा हात न सोडणे, हे समजायला यापेक्षा निराळे उदाहरण नको.

उपडे पात्र

विन टिन तुरुंगात असतानाच २००७ च्या सप्टेंबरात ब्रह्मदेशातल्या भिक्खूंनी एक मोठे काम केले. इंधनाचे भाव एकाएकी वाढले होते, गरिबांचे जगणे कठीण झाले होते. पकोक्कू गावात भिक्खूंना मारहाण झाली. तेव्हा भिक्खू हजारोंनी रस्त्यावर उतरले. हातात शस्त्र नाही, मुखात मेत्तसुत्त. आणि त्यांनी विनयातला एक जुना नियम लष्करशहांना लावला. जो उपासक संघाचे अहित करतो त्याचे दान संघ घेत नाही, त्याच्यापुढे भिक्षापात्र उपडे केले जाते. सेनाधिकारी स्तूपांना सोन्याचा मुलामा देत होते, भिक्खूंना चीवरे वाटत होते. भिक्खूंनी सांगितले, तुमचे अन्न नको.

लष्कराने विहारांवर छापे घातले, भिक्खूंना पकडले. तरी त्या उपड्या पात्राने जे सांगायचे ते सांगितले. दानाने पाप धुतले जात नाही. सावकार विहाराला घंटा देतो म्हणून त्याचे व्याज धम्माचे होत नाही. आपल्याकडेही जयंतीच्या वर्गणीची पावती फाडताना पैसा कुठला, हे विचारण्याची हिंमत मंडळांनी ठेवावी.

मूर्ती करू नका

आता एक कडू गोष्ट. ती टाळली असती तर आजचे हे प्रवचन चौथ्या शिलाला धरून झाले नसते.

चंद्रमणी महास्थविर ज्या आराकान भागातले, तिथे रोहिंग्या नावाचे मुसलमान लोक राहात आले आहेत. २०१२ नंतर त्यांच्यावर मोठे अत्याचार झाले. २०१७ मध्ये लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून बांगला देशात पळाली. त्यांच्याविरुद्ध द्वेष पेटविणाऱ्यांत चीवरधारीही होते. आणि आपले ऊ विन टिन? २०१३ मध्ये त्यांना याविषयी विचारले असता त्यांनी या लोकांना परकीय म्हटले आणि त्यांना छावण्यांत ठेवावे असे मत दिले. ज्याने स्वतः एकोणीस वर्षे कोठडी भोगली त्या माणसाने!

हे ऐकून वाईट वाटते. वाटलेच पाहिजे. पण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जो इशारा दिला तो अशाच वेळी कामी येतो. धर्मातली भक्ती काहीही म्हणा, राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे नेते, असा त्यांचा आशय होता. तथागतांनी तर स्वतःचेसुद्धा वचन पारखून घ्यायला सांगितले. विन टिन यांचे न सही केलेले कागद आपण घ्यावेत आणि त्यांचे हे मत घेऊ नये. माणसाचे मोठेपण खरे असते आणि त्याचा अंधारा कोपराही खरा असतो. मैत्री कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, याची यादी करायला जो बसला तो कितीही मोठा असो, तेवढ्यापुरता तो धम्माच्या बाहेर गेला. आपल्यावर हा नियम दुप्पट लागू आहे. पाण्यापासून, रस्त्यापासून, देवळापासून आपल्याला दूर ठेवणाऱ्यांनीही आपली अशीच यादी केली होती.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने त्या देशात पुन्हा उठाव केला आणि तुरुंग पुन्हा भरले. ज्यासाठी विन टिन यांनी सदरा उतरवला नाही ते काम संपलेले नाही.

त्या तरुणाला उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. विन टिन अविवाहित होते.  तुझ्यामागे रडणारी पोरे आहेत. मग तू काय करावेस?

मी माझ्या घरची गोष्ट सांगतो. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. धर्मांतर होऊन थोडेच दिवस झाले होते. आमच्या लोकांनी मेलेली गुरे ओढायचे सोडले, देव नदीत सोडले. गावाने वाणी बंद केला, दळण बंद केले, रानातली वाट बंद केली. मग एक दिवस कागद आला. 'आम्ही नवा धर्म सोडला, गावकीची कामे पूर्वीप्रमाणे करू,' असे त्यावर लिहिले होते. आजी अंथरुणाला खिळली होती, घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. वडिलांनी अंगठा दिला.

त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यांनी आम्हा भावंडांना जवळ बसवले आणि सांगितले, "आज मी खोटे केले. ते खरे आहे असे तुम्ही कधी समजू नका." महिनाभराने आजी जरा सावरल्यावर ते चार माणसांना घेऊन पायी तालुक्याला गेले आणि अर्ज देऊन आले की तो अंगठा जबरीने घेतला, आम्ही बौद्ध आहोत आणि बौद्धच राहू. त्या अर्जाची नक्कल अजून माझ्या पेटीत आहे.

म्हणून मी कुणा उपाशी माणसाच्या अंगठ्याला दोष देणार नाही. जो उपाशी ठेवून अंगठा घेतो त्याचे पाप मोठे. पण पुढचे चार शब्द प्रत्येक घराने लक्षात ठेवावेत.

न वाचलेल्या कागदावर सही करू नये. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलीला मोठ्याने वाचायला सांगावे. तिने वाचले म्हणजे घर ऐकते, आणि घराने ऐकलेले खोटे पचवणे अवघड जाते.

मालकाला सांगावे, उद्या देतो. एक रात्र मागून घ्यावी. त्या रात्री विहारात यावे, चार जाणत्यांना कागद दाखवावा, गरज पडली तर वकिलाकडे जावे. एकट्याने सही करायला लावणे सोपे असते. त्रिशरणात संघाला शरण जातो ते भिक्खुसंघाला, हे खरे. पण विहारात जमणारे आपण उपासक-उपासिकाही एकमेकांना एकटे पडू देणार नाही, तरच त्या शरणाला आपल्या वस्तीत अर्थ आहे. पुढच्या पौर्णिमेला आपल्या मंडळाने यासाठी धान्याची एक पेटी सुरू करावी असे मी सुचवितो. ज्याचे काम सत्यापायी जाईल त्याच्या घरी पहिला महिना त्या पेटीतून दाणे जावेत. हे केले नाही तर त्या तरुणाला शील शिकवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आणि सही झालीच, तर ती लपवू नये. मुलांना सांगावे, चार माणसांना सांगावे आणि शक्य होईल त्या दिवशी ती मागे घ्यावी. आपण दर वंदनेला पंचशील पुन्हा का ग्रहण करतो? एकदा घेतलेले पुरले असते तर पुन्हा घेण्याचे कारण नव्हते. माणूस पडतो हे तथागतांना ठाऊक होते. उठण्याचा रस्ता त्यांनी आठवड्याआठवड्याला उघडा ठेवला.

तो तरुण आज समोर बसला आहे. त्याचा कागद अजून त्याच्या खिशात आहे, सही झालेली नाही. वंदना झाल्यावर कुणी घाईने जाऊ नये. आपण तो कागद इथेच, सर्वांसमोर वाचणार आहोत.

नमो बुद्धाय! जयभीम!